जुना आवडता गेम पुन्हा तपासताना: गेम किती, आठवण किती

‘कॉन्ट्रासारखा गेम आता होणे नाही’ हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडे पस्तिशी-चाळिशीतल्या कुणाच्याही तोंडून ऐकायला मिळतं. कॉन्ट्रा म्हणजे टीव्हीला जोडून एकट्याने किंवा दोघांनी खेळायचा गोळीबाराचा गेम. ते खरंही असेल. पण त्या मतात तीन गोष्टी एकजीव झालेल्या असतात: मूळ गेम, तो ज्या यंत्रावर चालायचा ते, आणि शेजारी बसलेली माणसं. त्या सुट्या करून बघता येतात. त्यासाठी कॉम्प्युटर किंवा फोन, वायरचा कंट्रोलर, एक वही आणि आठवडाभर रोज अर्धा तास पुरतो.

सुरुवात वहीपासून करा. गेम लावण्याआधी आणि यूट्यूबवर काहीही न बघता, जे आठवतं ते दहा-पंधरा ओळींत उतरवून काढा: कुठली लेव्हल, कुठला आवाज, कुठे हमखास मरायचो, कोण सोबत असायचं. मग प्रत्येक ओळीपुढे ‘गेम’, ‘यंत्र’ किंवा ‘माणसं’ असं लिहा. ‘एप्रिलच्या सुट्टीत वडगावला मामाकडे, दुपारी लाईट जायच्या आत शेवटचा बॉस मारला’ ही ओळ ‘माणसं’मध्ये जाते, कितीही लाडकी असली तरी. हे काम आधीच उरकावं लागतं, कारण पाच मिनिटं खेळलं की नवं चित्र जुन्या आठवणीवर चढतं आणि आधी नक्की काय आठवत होतं ते वेगळं काढता येत नाही.

आता यंत्र. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो आणि बहुतेकांच्या तो लक्षातच येत नाही. आपल्याकडे विकले गेलेले ‘टीव्ही गेम’ म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला. भारतातले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रं दाखवणारे, म्हणून त्यांतली बरीच यंत्रंही ५० हर्ट्झची असायची. कॅसेटमधला गेम मात्र ६० हर्ट्झसाठी लिहिलेला. परिणामी सगळा गेम सुमारे १७ टक्के हळू चालायचा: उड्या, गोळ्या, शत्रू, सगळंच. गाण्याची लयही संथ व्हायची, सूर मात्र जवळपास तोच राहायचा. आज फोनवर तोच गेम ६० हर्ट्झवर लावला की तो जुन्यापेक्षा २० टक्के वेगाने पळतो. मग ‘लहानपणी हात काय चालायचा, आता वय झालं’ असा निष्कर्ष निघतो. त्यातला बराचसा भाग वयाचा नसून यंत्राच्या वेगाचा असतो.

तपासायला सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) उत्तम. पहिली लेव्हल सुरू करा, मारिओला जागचा हलू देऊ नका आणि वरचा आकडा ४०० वरून ३०० वर यायला किती वेळ लागतो ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजा. ६० हर्ट्झवर साधारण ४० सेकंद लागतात, जुन्या ५० हर्ट्झ यंत्रावर ४८. एम्युलेटरच्या, म्हणजे जुना गेम फोनवर किंवा कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या ॲपच्या, सेटिंगमध्ये रीजन किंवा सिस्टीम शोधा. तिथे ‘डेंडी’ (रशियात विकली गेलेली फॅमिकॉमची नक्कल) असा पर्याय असेल तर तो निवडा; आपल्याकडच्या नकलांच्या सर्वांत जवळचा तोच. ‘पाल’ निवडलं तर वेग उतरतो, पण सूरही खाली येतो. माळ्यावरचं यंत्र अजून चालत असेल तर त्याच्यावरही हीच मोजणी करा, म्हणजे अंदाज बांधत बसायला नको. कॅसेट लागत नसेल तर तिच्यात फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानकाडी बुडवून पट्ट्या पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा.

पडद्याचं थोडक्यात: चित्र ४:३ ठेवा, टीव्हीचा गेम मोड चालू करा, ब्लूटूथ कंट्रोलर टाळा. डब्बा टीव्हीवर बटण आणि उडी यांत जाणवण्यासारखं अंतर नसायचं. एलसीडीची चित्रप्रक्रिया १०० मिलिसेकंद खात असेल तर ६० हर्ट्झवर ती ६ फ्रेम, म्हणजे ६ चित्रं, होतात, आणि कॉन्ट्रात एका गोळीत जीव जातो.

यानंतर एकट्याने, सेव्ह न करता, कॉन्ट्रात तीस जीव मिळवून देणारा बटणांचा छुपा कोड न वापरता खेळा. दर दहा मिनिटांनी थांबून मजेला दहापैकी गुण द्या. दुसऱ्या दिवशी वही न उघडता आठवणीवरून एकच गुण द्या आणि आदल्या दिवसाच्या सरासरीशी ताडून बघा. आठवणीचा गुण बहुधा वर असतो, कारण मनात कळसाचा क्षण आणि शेवट राहतो. मधली वीस मिनिटांची तीच ती मरामारी गळून जाते. हा फरक दोन गुणांच्या वर गेला, तर जुन्या मतातही तेवढी सूट धरायला हरकत नाही.

सवयीचा भाग वेगळा मोजावा लागतो. सुट्टीभर एकच कॅसेट असली की तिची वीट न् वीट पाठ होते आणि ओळखीचं ते आवडू लागतं. रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये हा परिणाम प्रयोगांनी दाखवला. म्हणून त्याच काळातला, पण कधीच न खेळलेला एक गेम त्याच सेटिंगवर लावा. तोही तितकाच आवडला, तर आवड त्या काळाच्या घडणीची आहे. नाही आवडला, तर घरातल्या बारा-चौदा वर्षांच्या भाच्याला किंवा पुतणीला दोन्ही गेम नाव न सांगता द्या. शिकवू नका, ‘अगं, उडी मार’ असंही म्हणू नका. ती आपणहून कुठला पुन्हा लावते ते बघा.

जोडीचा खेळ शेवटी. कॉन्ट्राच्या धबधब्याच्या लेव्हलमध्ये एकजण भराभर वर चढला की खालचा पडद्याबाहेर जाऊन मरतो. एकट्याला ही लेव्हल साधी वाटते. दोघांत तिथेच आरडाओरडा आणि भांडण. जोडीदार पुण्याला किंवा बेंगळुरूला असेल तर तो गणपतीला घरी येईपर्यंत थांबा, कारण ऑनलाइन खेळात नेटचा उशीर मध्ये येतो. एकट्याचे आणि जोडीचे गुण मिसळू नका. मत देताना दोन्ही सांगा आणि पुढे वेगही लिहा: ५० हर्ट्झ की ६०.