जुना केगरेटर घरी दुरुस्त करताना

केगरेटर म्हणजे बिअरचे स्टीलचे पिंप, अर्थात केग, पोटात ठेवून डोक्यावरच्या नळातून बिअर देणारा फ्रिज. अमेरिकेत घर बदलणारे लोक तो गराजमधून मिळेल त्या किमतीला काढून टाकतात, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार तो ‘नुसता फेस देतो’. न्यू जर्सीतल्या माझ्या बेसमेंटमध्ये गेल्या १२ वर्षांत असे ११ केगरेटर दुरुस्त झाले आणि त्यांपैकी केवळ दोहोंच्या थंड करणाऱ्या यंत्रणेत बिघाड होता. उरलेल्या नऊंचे दुखणे नळीत, वॉशरमध्ये आणि आधीच्या मालकाने कुठेतरी वाचून अमलात आणलेल्या सल्ल्यात होते.

विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला तो आदल्या रात्री सुरू करून आत पाण्याने भरलेला पेला ठेवायला सांगावे आणि सकाळी त्या पाण्याचे तापमान स्वतः मोजावे. कॉम्प्रेसर अखंड चालू आहे, हाताला चांगला गरम लागतो आहे, तरीही पाणी कोमटच आहे, असे आढळल्यास बहुधा आतला शीतक वायू गळून गेलेला असतो; असे यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. बंद नळ्यांतील वायूचे काम अमेरिकेत कायद्याने प्रमाणपत्रधारक तंत्रज्ञानेच करायचे असते आणि त्याचे बिल जुन्या केगरेटरच्या किमतीपेक्षा जास्त होते. शिवाय अलीकडच्या यंत्रांत आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, हा ज्वालाग्राही वायू असतो. मागच्या लेबलवर हे नाव दिसले तर त्या नळ्यांजवळ सोल्डरिंगची ज्योत नेण्याचा विचारही करू नये.

याउलट कॉम्प्रेसर काही सेकंद गुणगुणतो, ‘टक’ असा आवाज होतो आणि काही मिनिटांनी तेच पुन्हा घडते, असे यंत्र आनंदाने उचलावे. अशा वेळी दोष बहुतेकदा कॉम्प्रेसरच्या बाजूला बसवलेल्या स्टार्ट रिलेत, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणाऱ्या छोट्या स्विचमध्ये असतो. प्लग काढून रिले ओढून घ्यावा आणि कानाशी हलवावा. आत काही खुळखुळले तर तो गेलेला आहे. त्याच वेळी कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. तीन जोड्यांपैकी सर्वांत मोठे माप उरलेल्या दोन मापांच्या बेरजेइतके यायला हवे आणि कोणतीही पिन कॉम्प्रेसरच्या धातूच्या अंगाशी जोडलेली दिसता कामा नये. ही मापे बरोबर असतील तर नवा रिले बसवल्यावर यंत्र चालू होण्याची शक्यता फार चांगली असते. यंत्र आडवे घालून आणले असेल तर उभे करून एक रात्र तसेच ठेवावे आणि मगच प्लग लावावा.

साफसफाईबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या, जाळीवरची धूळ ब्रशने काढावी. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून ओढावी. ती सहज निसटत असेल तिथे रबर गरम पाण्याच्या फडक्याने शेकून मऊ करावे, आणि तरीही पकड येत नसेल तर नवे घ्यावे. आंबूस वास येत असेल तर आतली भिंत पुन्हापुन्हा पुसण्याऐवजी केगखालचा तळाचा पत्रा किंवा प्लास्टिकची फळी उचलावी, कारण वर्षानुवर्षे सांडलेली बिअर तिथे चिकट तपकिरी थर होऊन बसलेली असते.

नळ काढताना मात्र थोडे थांबावे. नळामागच्या गोल कड्याला भोके असतात, त्यांत खास पाना अडकवून ते फिरवायचे असते, आणि समोर उभे राहून पाहिले तर ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सैल होते. हे ठाऊक नसल्यामुळे माझ्या पहिल्या यंत्रावर मी नेहमीच्या सवयीने उलटीकडे जोर लावत राहिलो, टॉवर, म्हणजे नळ बसवलेला वरचा उभा खांब, मुळापासून गरकन फिरला आणि खालच्या झाकणाचे दोन स्क्रू पत्र्यासकट उपटून आले. एका हाताने टॉवर घट्ट धरूनच पाना फिरवावा.

बिअरची जुनी प्लास्टिक नळी धुवून वापरावी असे सुचवणारे लोक मला भेटतात आणि त्यांना मी एकच गोष्ट दाखवतो. जुन्या नळीचा बोटभर तुकडा उभा चिरून आतली बाजू नखाने खरवडली की करडा, खरखरीत थर नखात येतो. त्यात बिअरमधले कॅल्शियम ऑक्झलेट असते, ज्याला ‘बिअर स्टोन’ म्हणतात, आणि त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर जंतू ठाण मांडतात. नवी नळी फारच स्वस्त असते. जुनी फेकून द्यावी. नळ आणि केगला जोडला जाणारा कपलर मात्र पूर्ण सुटे करून, बिअर लाइनसाठी मिळणाऱ्या कॉस्टिक द्रावणात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात भिजवावेत, हातमोजे आणि चष्मा घालून ब्रशने घासावेत आणि भरपूर पाण्याने धुवावेत. ब्लीच वापरू नये; तो स्टेनलेस स्टीलला खातो आणि त्याचा वास बिअरमध्ये उतरतो. कपलरच्या आतली रबरी वॉशरे आणि गोळीची झडप मी दरवेळी नवी बसवतो.

बिअरला केगमधून नळापर्यंत ढकलतो तो सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड. या गॅसच्या बाजूला पहिले काम सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचण्याचे. दाबचाचणीला ५ वर्षे उलटून गेली असतील तर भरणारा दुकानदार तो परत करतो. रेग्युलेटर (वायूचा दाब ठरवणारा भाग) आणि सिलिंडर यांच्यामधला वॉशर नवा असावा, सिलिंडर नेहमी उभा असावा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. मी एकदा हे शेवटचे काम ‘उद्या करू’ म्हणून ठेवले आणि ५ पौंडांचा सिलिंडर एका रात्रीत रिकामा झाला. ५ पौंड द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचा सुमारे ४४ घनफूट वायू होतो, तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळघरात खालीच साचतो आणि त्याला वास नसतो. त्यामुळे बंद, लहान खोलीत केगरेटर ठेवू नये आणि ठेवायचाच असेल तर जवळ या वायूचा इशारा देणारे यंत्र लावावे.

आता फेसाकडे वळू, कारण खरी गफलत इथेच होते आणि इथेच मी माझे पहिले दोन केग वाया घालवले.

फेस येतो म्हणजे दाब जास्त आहे, तेव्हा दाब कमी करा, हा सल्ला सर्वत्र मिळतो. तो ऐकून मी रेग्युलेटर १२ वरून ६ पीएसआयवर (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे एकक) आणला. पहिल्या संध्याकाळी पेला सुंदर भरला आणि मी स्वतःवर खूश झालो. तिसऱ्या दिवशी नळातून आधी वायूची फुसफुस, मग फेस आणि शेवटी बेचव, मेलेली बिअर येऊ लागली. पारदर्शक नळीकडे निरखून पाहिल्यावर बिअरच्या मधोमध बोटभर लांबीचे वायूचे पोकळ भाग एकामागून एक वर सरकताना दिसले आणि चूक लक्षात आली.

बहुतेक अमेरिकन लागर आणि एल बिअरमध्ये तिच्या स्वतःच्या घनफळाच्या सुमारे अडीचपट कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो विरघळलेलाच राहावा यासाठी ३८ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे ३.३ अंश सेल्सियसला, ११ ते १२ पीएसआय दाब लागतो. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या गावात त्यात आणखी दोन-अडीच पीएसआय मिळवावे लागतात. दाब याहून कमी केला की वायू बिअर सोडून नळीत बाहेर पडतो, आणि तोच आपल्याला फेस म्हणून दिसतो. म्हणजे दाब कमी करणे हा फेसावरचा उपाय नसून काही दिवसांनी फेस निर्माण करण्याची खात्रीची पद्धत आहे. दाब बिअर ठरवते, आपण नाही. तो एकदा लावावा आणि रेग्युलेटरपासून हात दूर ठेवावा.

मग हात कुठे घालावा? आधी तापमानात. आतल्या हवेचे तापमान दाखवणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. पहिला आणि दुसरा असे दोन पेले लागोपाठ भरावेत आणि दोहोंतल्या बिअरचे तापमान स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने मोजावे. पहिला पेला फेसाळ आणि दुसरा चांगला येत असेल तर केगमधली बिअर थंड आहे, पण टॉवरमधली नळी गरम आहे. उन्हाळ्यात टॉवरच्या आत ६० अंश फॅरनहाइट सहज होतात आणि त्या तापमानाला तेवढाच वायू धरून ठेवायला जवळजवळ दुप्पट दाब लागतो, त्यामुळे मधल्या वेळात नळीत उभी राहिलेली बिअर फेसाळणारच. यावर उपाय एकच: १२ व्होल्टचा छोटा पंखा तळाशी ठेवून त्याची हवा एका बारीक पाइपातून थेट टॉवरच्या टोकापर्यंत सोडावी, म्हणजे तीच हवा टॉवरमधून खाली परत येते. टॉवरला बाहेरून फोम गुंडाळण्याचा उपाय मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तो काढून पंखा बसवला.

दोन्ही पेले फेसाळ येत असतील तर केग अजून गरम आहे किंवा नळी फार आखूड आहे. दुकानातून आणलेला केग निदान २४ तास आत ठेवल्याशिवाय काहीही निष्कर्ष काढू नये. भरलेला मोठा केग सुमारे १६० पौंडांचा, म्हणजे ७३ किलोंच्या आसपास असतो आणि एवढे वस्तुमान एका दुपारी थंड होत नाही. तो उचलायला दोन माणसे लागतात हेही विसरू नये.

नळीचे गणित सोपे आहे, पण कागदावरच्या उत्तराला चिकटून राहणारे इथे फसतात. ३/१६ इंच आतल्या व्यासाची व्हिनिल नळी दर फुटाला सुमारे ३ पीएसआय दाब खाते आणि प्रत्येक फूट चढाईला साधारण अर्धा पीएसआय खर्च होतो. १२ पीएसआय आणि दोन फूट चढ असेल तर हिशेबाने पावणेचार फूट नळी पुरते, म्हणूनच यंत्रासोबत आखूड नळी येते. प्रत्यक्षात माझ्या एकाही यंत्रावर पावणेचार फुटांनी काम झालेले नाही, कारण हिशेबात गृहीत धरलेला थंडावा घरच्या केगरेटरला क्वचितच साधतो. मी ८ फूट नळी लावतो, ती केगवर सैल वेटोळे करून ठेवतो आणि मग घड्याळ लावून पेला भरतो. १६ औंसांचा अमेरिकन पिंट, म्हणजे ४७३ मिलिलिटर, सुमारे ८ सेकंदांत भरला पाहिजे. १२ सेकंद लागत असतील तर अर्धा फूट कापावा, पुन्हा भरून पाहावे. नळी कापता येते, वाढवता येत नाही, म्हणून लांबच सुरुवात करावी. माझ्याकडे बहुतेकदा ६ ते ७ फुटांवर गाडी थांबते.

ओतताना नळ एका झटक्यात पूर्ण उघडावा. फेसाला घाबरून तो अर्धवट उघडणे म्हणजे फेसाला आमंत्रण देणे होय. घट्ट काळ्या, नायट्रोजनवर चालणाऱ्या बिअरना वेगळा वायू आणि वेगळा नळ लागतो, त्यांना यातले आकडे लागू नाहीत.

पुण्याला परतताना हे यंत्र सोबत न्यावे का, असे मला दरवर्षी कोणीतरी विचारते. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११५ करून देतो, पण ५० हर्ट्झचे ६० करत नाही, आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला कॉम्प्रेसर ५० वर तापतो. नेऊ नये.

यंत्र सुरू झाल्यावर दाराच्या आतल्या बाजूला कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर दाब, तापमान, नळीची लांबी आणि धुण्याच्या तारखा लिहीत जाव्यात. नळी दर १४ दिवसांनी कॉस्टिक द्रावणाने धुवायची असते. केग अर्धवट संपलेला असला तरी कपलर काढून ती धुता येते. मागच्या उन्हाळ्यात विकलेल्या यंत्रावर अशी पट्टी होती. तीन आठवड्यांनी नव्या मालकाचा फोन आला की फेस येतो आहे, आणि मी पहिला प्रश्न विचारला तेव्हा कळले की त्याने दाब ७ वर आणून ठेवला होता.