गाळाची टाकी, जुने ड्रम : घातक कचऱ्याच्या कामात या चुका टाळा

कुपवाड असो, मिरज असो, सातारा एमआयडीसी असो की कऱ्हाडजवळची तासवडे, घातक कचऱ्याला हात लावणारा माणूस बऱ्याचदा कंपनीचा नसतो. ठेकेदाराने त्याला रोजंदारीवर आणलेलं असतं. ड्रममध्ये काय आहे हे त्याला कुणी सांगत नाही, आणि हजेरी बुडेल म्हणून तोही विचारत नाही. खालच्या चुका कामगाराच्या हातून होतात खऱ्या, पण त्यातली मोठी जबाबदारी काम सांगणाऱ्याची आहे, हे आधीच स्पष्ट सांगतो.

पडलेल्याला काढायला तसंच आत उतरणं

एकाच्या मागोमाग दोघं-तिघं दगावतात ते यामुळेच. ईटीपीच्या, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करणाऱ्या यंत्रणेच्या, बंद टाकीत गाळ कुजतो आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. "वास गेला, आता उतर" म्हणतात, तीच वेळ सर्वांत धोक्याची असते. शिवाय फावड्याने गाळ ढवळला की आत अडकलेला वायू एकदम सुटतो, म्हणून उतरण्याआधी एकदा मोजलं एवढ्यावर भागत नाही.

वायू मोजणारं मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजा. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. ब्लोअरने ताजी हवा सोडत राहा, मीटर अंगावर चालू ठेवा. सिलिंडरमधला ऑक्सिजन मात्र आत सोडू नका, एका ठिणगीने भडका उडतो. अंगात हार्नेस (छाती-खांद्याला बांधायचे पट्टे) हवा, त्याची दोरी बाहेरच्या माणसाच्या हातात हवी, आणि त्या माणसाला दुसरं कुठलंही काम सांगू नका. अशा टाकीत उतरताना जाणकाराचा लेखी दाखला किंवा श्वसनयंत्र, हार्नेस आणि दोरी हवी, हे 1948 च्या फॅक्टरी अॅक्टमध्येही लिहिलेलं होतं. आतला कोसळला तर बाहेरूनच ओढा, 108 आणि 101 ला फोन लावा.

तोंडाला रुमाल बांधून भागवणं

रुमालाने वायू अडत नाही, एन-95 नेही नाही. कार्ट्रिजचा (गाळणीची डबी लावलेला) मास्क ठरावीक वायूच गाळतो, ऑक्सिजन देत नाही. टाकीत बाहेरून किंवा सिलिंडरमधून हवा पुरवणारा सेटच लागतो. दाढी वाढलेली असेल तर मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही.

गाडी येणार म्हणून अर्धे ड्रम एकात ओतणं

हा कचरा कारखान्यात साधारण 90 दिवसच ठेवता येतो. रांजणगावच्या घातक कचरा केंद्राची गाडी ठरली की घाई सुरू होते. प्लेटिंगच्या (धातूला मुलामा चढवण्याच्या) सायनाइडच्या पाण्यात अॅसिड पडलं तर हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघतो, हायपोमध्ये (सोडियम हायपोक्लोराइटमध्ये) पडलं तर क्लोरीन. लेबल नसलेला ड्रम बाजूला राहू द्या, सुपरवायझरला बोलवा. फुगलेल्या ड्रमचं झाकण तर फिरवूच नका.

"आता बरं वाटतंय" म्हणून घरी जाणं

नायट्रिक अॅसिडचा तांबूस धूर विट्याकडच्या गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्या, कारागिरांना नवा नाही. तो छातीत गेला तर थोडा खोकला येतो, मग बरं वाटतं, आणि काही तासांनी, कधी मध्यरात्री, फुप्फुसात पाणी भरून दम लागतो. अशा माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि ड्रमच्या लेबलचा फोटो डॉक्टरांना दाखवा. अंगावर अॅसिड उडालं तर कपडे काढून किमान 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. त्यावर खायचा सोडा, टूथपेस्ट असलं काही लावू नका.

ड्रम धुऊन घरी नेणं

जत, आटपाडी, माण भागात टँकरचं पाणी साठवायला निळा ड्रम सोन्यासारखा वाटतो, ते समजू शकतं. पण प्लॅस्टिकने शोषलेलं केमिकल साबणाने निघत नाही, ते हळूहळू पाण्यात उतरतं. असा रिकामा ड्रम नियमानेही घातक कचराच आहे. कंपनीने तो भोकं पाडूनच अधिकृत ठिकाणी पाठवावा. कामाचे कपडेही घरच्या धुण्यात टाकू नका, कंपनीतच बदलून या.