सोर्समधून कंपाइल करताना लायब्ररी लिंक होत नसेल तर काय बघायचं

मेक (सोर्स कोडपासून प्रोग्राम बनवणारी कमांड) चालवलं, दहा मिनिटं फाइली मस्त कंपाइल होत गेल्या आणि अगदी शेवटी एरर आला की फार वैताग येतो, माहितीये. पण एवढ्या शेवटी एरर आला म्हणजे कोड सगळा कंपाइल झालाय, फक्त तुकडे जोडणाऱ्या लिंकरला काहीतरी मिळालेलं नाही, आणि काय मिळालं नाही ते तो नावासकट सांगतो. म्हणून आधी एररची पहिली ओळ वाचा, शेवटची नाही. मी उबुंटू आणि फेडोरा धरून लिहितोय.

"कॅनॉट फाइंड -एलएसएसएल" असं दिसलं, म्हणजे एसएसएल नावाची लायब्ररी सापडत नाही, तर लोक म्हणतात, अरे पण ओपनएसएसएल (ही लायब्ररी ज्यात येते ते एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर) तर मशीनवर आहे! आहेच, पण तुमच्याकडे आहे ती लिबएसएसएल.एसओ.३, म्हणजे चालू प्रोग्रामना लागणारी, आणि लिंकर शोधतोय शेवटी आकडा नसलेली लिबएसएसएल.एसओ, जी हेडर फाइलींबरोबर (लायब्ररीत काय काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या .एच फाइली) डेव्हलपमेंट पॅकेजमध्ये येते. उबुंटूवर लिबएसएसएल-डेव्ह, फेडोरावर ओपनएसएसएल-डेव्हल. बऱ्याचदा त्याच्याही आधी .एच फाइल सापडत नाही म्हणून गाडी अडते, उपाय तोच. पॅकेजचं नाव माहीत नसेल तर एपीटी-फाइल सर्च किंवा डीएनएफ प्रोव्हाइड्सला फाइलचं नाव द्या.

आता "अनडिफाइन्ड रेफरन्स टू", म्हणजे कोडमध्ये वापरलेलं नाव लिंकरला कुठेच मिळालं नाही, इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. लायब्ररी इन्स्टॉल आहे, कमांडमध्ये छोटा -एल लावून तिचं नाव पण आहे, तरी एरर येतो, कारण बऱ्याचदा क्रम चुकलेला असतो. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि तोपर्यंत जे मागितलं गेलंय तेवढंच लायब्ररीतून उचलतो. स्वतः करून बघा: एका छोट्या सी फाइलमध्ये युजरकडून आकडा घ्या, त्याचं एसक्यूआरटी म्हणजे वर्गमूळ काढा, आणि उबुंटूवर जीसीसी -एलएम टेस्ट.सी असं चालवा (जीसीसी हा कंपायलर, -एलएम म्हणजे गणिताची लायब्ररी). एरर येईल. तेच जीसीसी टेस्ट.सी -एलएम केलं की गपचूप बिल्ड होतं. आकडा युजरकडूनच घ्या हं, थेट कोडमध्ये लिहिला तर कंपायलर उत्तर आधीच काढून ठेवतो आणि मग एरर दिसत नाही.

यातूनच कॉन्फिगर (मेकच्या आधी चालवायची, बिल्डची सेटिंग ठरवणारी स्क्रिप्ट) चालवताना एक चूक होते, ती मी पण बरेच दिवस करत होतो: जास्तीची लायब्ररी एलडीफ्लॅग्ज या व्हेरिएबलमध्ये टाकायची. ते ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी जातं! एलडीफ्लॅग्जमध्ये फक्त -एल मोठा, म्हणजे फोल्डरचा पत्ता, आणि -एल छोटा, म्हणजे लायब्ररीचं नाव, ते लिब्ज या व्हेरिएबलमध्ये द्या. आणि नावं आठवणीतून टाइप करू नका, पीकेजी-कॉन्फिग --लिब्स ओपनएसएसएल असं विचारा, ते बरोबर उत्तर देतं. सी++ मध्ये न सापडलेल्या नावात सीएक्सएक्स११ दिसलं तर क्रमाचा प्रश्न नाही, २०१५ च्या जीसीसी ५ पासून स्ट्रिंगचा एबीआय (बिल्ड झालेले तुकडे एकमेकांशी जुळण्याची पद्धत) बदलला, त्यामुळे लायब्ररी एका एबीआयने आणि तुमचा कोड दुसऱ्याने बिल्ड झालाय, दोन्ही एकाच कंपायलरने आणि सेटिंगने परत बिल्ड करा.

कोंडा (स्वतःच्या वेगळ्या लायब्ररी ठेवणारा पॅकेज मॅनेजर) चालू असेल तर आधी ते डिअ‍ॅक्टिव्हेट करा, मेक डिस्टक्लीन करून जुन्या बिल्डच्या फाइली पुसा आणि पुन्हा कॉन्फिगर करा, नाहीतर हेडर एका ठिकाणचे आणि लायब्ररी दुसऱ्याच ठिकाणची असा घोळ होतो आणि तो शोधता शोधता संध्याकाळ जाते.

बिल्ड झालं पण चालवताना "एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज" आलं, तर ते काम लिंकरचं नाही, प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी शोधणाऱ्या लोडरचं आहे. प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी एलडीडी कमांड त्याच्यावर लावा आणि "नॉट फाउंड" कुठे आहे ते बघा. तुम्ही लायब्ररी /यूएसआर/लोकल/लिबमध्ये टाकली असेल तर उबुंटूवर नुसतं सुडो एलडीकॉन्फिग (लोडरची यादी ताजी करणारी कमांड) पुरतं, फेडोरावर तो पत्ता आधी /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मधल्या एका फाइलीत लिहावा लागतो. लोडरला जास्तीचा पत्ता देणारं एलडी_लायब्ररी_पाथ हे व्हेरिएबल तपासायला चांगलं आहे, एका कमांडपुरतं पुढे लावा, पण बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) कायमचं नको, कारण मग सगळेच प्रोग्राम तिथल्या लायब्ररी उचलायला लागतात.

आणि हात जोडून सांगतो, जुना प्रोग्राम लिबएसएसएल.एसओ.१.१ मागतो म्हणून त्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी फाइल) करून ती .३ कडे वळवू नका. मी केली होती, प्रोग्राम सुरू होतानाच "ओपनएसएसएल_१_१_० व्हर्जन नॉट फाउंड" म्हणून बंद पडला, कारण फाइलीचं नाव जुळलं तरी आतल्या सिंबॉल्सचं, म्हणजे फंक्शनांच्या नावांचं, व्हर्जन जुळत नाही. ज्या लायब्ररीत व्हर्जनची खूणच नसते तिथे तर आणखी वाईट, प्रोग्राम चालतो आणि मध्येच कधीतरी क्रॅश होतो. जुनं व्हर्जन खरंच लागत असेल तर ते वेगळ्या प्रीफिक्समध्ये, म्हणजे इन्स्टॉलच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, बिल्ड करा, /ऑप्टखाली ठेवा, आणि प्रोग्राम लिंक करताना आरपाथमध्ये (प्रोग्रामच्या आतच लिहिलेला लायब्ररीचा पत्ता) तो पत्ता द्या, बाकी सिस्टीमला हात लागत नाही.