प्रतिजैविक-प्रतिरोधाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे मूल्यमापन करताना या चुका टाळा

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्धचा भारताचा पहिला राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये जाहीर झाला. अशा आराखड्याचे यश मोजताना सर्वाधिक होणारी चूक म्हणजे पार पडलेल्या कामांनाच परिणाम समजणे. अनुसूची एच-१ (औषध नियमांतील, विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांची यादी) मधील प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे १ मार्च २०१४ पासून केमिस्टांवर बंधनकारक आहे. परंतु दादर किंवा कुर्ल्याच्या दुकानात जाऊन ‘नोंदवही आहे का?’ एवढेच विचारले, तर उत्तर बहुधा ‘आहे’ असेच मिळेल. त्याऐवजी घाऊक विक्रेत्याकडील बिले, शिल्लक साठा आणि नोंदवहीतील विक्री यांचा ताळा करावा. हिशेबात न बसणाऱ्या गोळ्या कोठे गेल्या, हाच खरा प्रश्न आहे.

दुसरी चूक अधिक फसवी आहे: प्रतिरोधाची टक्केवारी छेदाशिवाय, म्हणजे एकूण किती आणि कोणते नमुने तपासले हे न पाहता, वाचणे. परळच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयात अनेक रुग्ण बाहेरची औषधे घेऊन झाल्यावर येतात, आणि पहिले औषध लागू पडले नाही तरच कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून करायची तपासणी) पाठवले जात असेल, तर प्रयोगशाळेत प्रामुख्याने चिवट जंतूच पोहोचतात. ती टक्केवारी संपूर्ण मुंबईची मानणे चुकीचे आहे. उलट, नव्या प्रयोगशाळा जोडल्या जाऊन साध्या संसर्गांचेही नमुने येऊ लागले, की टक्केवारी खाली येते आणि कार्यक्रम यशस्वी झाल्याचा भास होतो. म्हणून बाह्यरुग्ण, वॉर्ड आणि अतिदक्षता विभागांचे आकडे वेगळे ठेवावेत, एका रुग्णातील एका जातीच्या जंतूचा केवळ पहिला नमुना धरावा, तीसपेक्षा कमी नमुन्यांवरून टक्केवारी काढू नये आणि वर्षांची तुलना दोन्ही वर्षी नमुने पाठवणाऱ्या रुग्णालयांपुरतीच करावी.

आकडा एकाएकी वाढला, तर जंतूंना दोष देण्यापूर्वी निकष तपासावेत. प्रयोगशाळा-तपासणीचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेने २०१९ मध्ये आतड्यांतील जंतूंच्या मोठ्या गटासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाची मर्यादा कडक केली. त्यामुळे ज्या जंतूची वाढ रोखण्यास मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅम औषध लागते, तो आधी ‘संवेदनशील’ ठरत असे, आता ‘प्रतिरोधक’ ठरतो. प्रयोगशाळेने केवळ निष्कर्षाचे अक्षर (संवेदनशीलसाठी ‘एस’, प्रतिरोधकसाठी ‘आर’) जपले असेल, तर ही गाठ सुटत नाही. मूळ मोजमाप जपले असेल, तर जुनी वर्षेही नव्या निकषाने पुन्हा मोजता येतात. माझ्या मते निधी देताना मूळ मोजमाप जपण्याची अट आधी घालावी, आकडे प्रसिद्ध करण्याची नंतर.

औषधवापराच्या बाबतीत एकूण खप पुरेसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ॲमॉक्सिसिलिन ‘ॲक्सेस’ (सामान्य संसर्गांत आधी वापरायच्या औषधांच्या) गटात येते, तर ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम ‘वॉच’ (प्रतिरोधाचा धोका अधिक असल्याने जपून वापरायच्या औषधांच्या) गटात. खप घटूनही ‘वॉच’चा वाटा वाढू शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या घोषणापत्रात मानवी वापरातील प्रतिजैविकांपैकी ‘ॲक्सेस’ गटाचा वाटा २०३० पर्यंत जागतिक पातळीवर किमान ७० टक्के करण्याचे उद्दिष्ट आहे, त्यामुळे मोजणीही वाट्याचीच हवी.

पशुपालन बहुतेक अहवालांत शेवटच्या पानावर उरते. माणसांत शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या खाद्यप्राण्यांसाठीच्या उत्पादन, विक्री आणि वितरणावर भारताने २०१९ मध्ये बंदी घातली, पण केवळ अधिसूचनेचा उल्लेख म्हणजे अंमलबजावणीचा पुरावा नव्हे. त्यासाठी बंदीपूर्वीचे आणि नंतरचे कोंबड्यांतील नमुने एकाच पद्धतीने तपासावे लागतात, आणि बंदीपूर्वीचे नमुनेच नसतील, तर अहवालात ‘घट झाली’ असे लिहू नये.