गोव्यात घर बांधताना : उजेड आणि खासगीपणा यांची आखणी

नव्या घराचा आराखडा हाती आला की बहुतेक कुटुंबे आधी खोल्यांची मापे पाहतात आणि खिडक्यांचा विचार सर्वांत शेवटी करतात. फोंड्याजवळ आम्ही घर बांधले तेव्हा आमचेही तेच झाले. दिवाणखान्याला रस्त्याच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेला, भिंतभर काच घेतली. पहिल्याच एप्रिलमध्ये तिच्यावर जाड पडदा चढला, भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागू लागली आणि तीन वर्षांनी ती भिंत फोडून पुन्हा बांधावी लागली. एक गोष्ट तेव्हा पक्की कळली : खिडकी उजेड, वारा आणि दृष्टी अशी तीन कामे करते, आणि तिन्ही कामे एकाच खिडकीकडून मागितली की तिथे पडदा येतोच. म्हणून आराखड्यावर प्रत्येक खिडकीपुढे तिचे मुख्य काम लिहून काढावे आणि तिची जागा, उंची व आकार त्यावरून ठरवावा.

सुरुवात बाहेरून करावी. प्लॉटवर उभे राहून रस्ता, शेजाऱ्यांची गॅलरी, समोरच्या इमारतीचा पहिला मजला अशा जिथून जिथून नजर आत येऊ शकते त्या जागा नकाशावर पेन्सिलीने टिपाव्यात आणि तिथून प्रत्येक खोलीपर्यंत सरळ रेषा ओढाव्यात. ज्या भिंतीवर अशा रेषा दाटीने येतात, तिथे नजरेच्या वर उजेड घ्यावा. उभ्या माणसाची नजर साधारण पाच फुटांवर असते. जमिनीपासून साडेपाच फुटांवर सुरू होऊन छताजवळ संपणारी आडवी खिडकी रस्त्यावरून आतले काहीही दाखवत नाही, आणि जोते दोन फूट उंच असेल तर बाहेरच्या माणसाला ती साडेसात फुटांवर येते. अशा उंच खिडकीचा उजेड खोलीत अधिक खोलवर पोहोचतो, कारण खिडकीचा वरचा काठ जितका उंच, त्याच्या सुमारे दुप्पट अंतरापर्यंत दिवसाचा उपयोगी उजेड मिळतो. समोरच्या वरच्या मजल्यावरून येणाऱ्या नजरेवर मात्र हा उपाय चालत नाही. तिथे झाड, जाळी किंवा खोल छज्जाच हवा.

दिशांचा हिशेब गोव्यात देशाच्या उत्तर भागापेक्षा वेगळा पडतो. आपण सुमारे साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहोत, त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, आणि डिसेंबरच्या अखेरीस तो दक्षिणेला सुमारे 51 अंशांवर येतो. दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला तर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत दुपारचे ऊन आत येत नाही आणि डिसेंबरात खालच्या दीड फुटातून कोवळी ऊब मिळते. पश्चिमेला असा छज्जा पुरत नाही, कारण सूर्य आडवा येतो. पावसाची झडही मुख्यतः त्याच अंगाने येते. पश्चिमेला जिना, न्हाणी, कोठी अशा खोल्या ठेवाव्यात, खिडक्या अरुंद घ्याव्यात आणि बाहेर उभे लूव्हर्स, म्हणजे ऊन अडवणाऱ्या तिरक्या पट्ट्या, बसवावेत.

उजेड आणि खासगीपणा एकाच वेळी देणारी सर्वांत पूर्ण रचना आपल्या जुन्या घरांत आहे, ती म्हणजे राजांगण. मधल्या चौकात तुळशी वृंदावन, भोवती ओसरी आणि ओसरीकडे उघडणाऱ्या खोल्या. रस्त्याकडची भिंत जवळजवळ बंद असली तरी घर अंधारे होत नाही. चवथीला घर पाहुण्यांनी भरते तेव्हा या ओसरीची किंमत कळते. लहान प्लॉटवरही ही कल्पना वापरता येते, फक्त चौकाची रुंदी भोवतीच्या भिंतींच्या उंचीपेक्षा फार कमी ठेवू नये, नाहीतर दुमजली घरात चौकाची विहीर होते. वर पारदर्शक छप्पर घालायचेच असेल तर ते भिंतींपासून दीड फूट उचलून बाजू मोकळ्या सोडाव्यात, म्हणजे गरम हवा बाहेर जाते. उघडा चौक ठेवल्यास पाणी जाण्याचा उतार व मोरी लादी घालण्यापूर्वी तपासून घ्यावी, कारण गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो.

जुन्या शिंपल्यांच्या खिडक्याही नीट पाहण्यासारख्या आहेत. लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या त्या पातळ, पांढुरक्या शिंपल्यांतून दुपारी दुधासारखा मऊ उजेड आत येतो आणि पलीकडच्या माणसाची केवळ सावली दिसते. आज तो शिंपला कायद्याने संरक्षित आहे. ते काम खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागात फ्रॉस्टेड काच लावून साधता येते. रात्रीचा विचार मात्र वेगळा करावा. दिवसा बाहेर उजेड आणि आत सावली असते, म्हणून जाळीतून किंवा आरसा-काचेतून आतले दिसत नाही. दिवा लागला की सगळे उलटे होते. माणसामागे दिवा असला तर त्याची आकृती काचेवर उमटते, म्हणून बेडरूममधला दिवा खिडकीच्याच भिंतीवर घ्यावा.

मुख्य दाराबाबत बल्कांवाची, म्हणजे गोव्यातल्या जुन्या घरांच्या दारापुढील बैठकीच्या सोप्याची, रीत पाळावी. आलेला माणूस तिथे बसतो, बोलतो, आणि घर त्याला आतपर्यंत दिसत नाही. दारासमोर एक वळण ठेवले आणि बेडरूमची दारे त्या रेषेत येऊ दिली नाहीत, की नव्या घरातही तेच साधते.

चिऱ्याच्या भिंती सिलपर्यंत, म्हणजे खिडकीच्या खालच्या काठापर्यंत, आल्या की एक संध्याकाळ राखून ठेवावी. खिडकीच्या जागी बांबू बांधून चौकट करावी, एकाने दिवा लावून आत खुर्चीवर बसावे आणि दुसऱ्याने रस्त्यावरून व शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या गॅलरीतून पाहावे. सिलची उंची बदलायची असेल तर ते दुसऱ्याच दिवशी सकाळी गवंड्याला सांगावे, कारण लिंटल, म्हणजे खिडकीवरची काँक्रीटची तुळई, ओतल्यावर हाच बदल भिंत फोडूनच करावा लागतो.