अमेरिकेतल्या प्रायमरीच्या सुरवातीच्या बातम्या कशा वाचायच्या

अमेरिकेची पुढची अध्यक्षीय निवडणूक 7 नोव्हेंबर 2028 ला आहे, पण कोण पुढं कोण मागं ही चर्चा मतदानाच्या दीड-दोन वर्षं आधीच चालू होते. कोल्हापुरात ज्यांची पोरं तिकडं नोकरीला, शिकायला आहेत त्यांच्या फॅमिली ग्रुपवर तर रोज एक रील येऊन पडते. ती फॉरवर्ड करायच्या आधी काय बघायचं ते लिहितोय.

प्रायमरी म्हणजे काय ते आधी डोक्यात पक्कं करा. आपल्याकडं विधानसभेचं तिकीट पक्ष देतो, इच्छुक मुंबईच्या फेऱ्या मारतात. तिकडं पक्षाचा उमेदवार कोण हे एकेका राज्यातले मतदार मत देऊन ठरवतात. पण पहिलं मत पडेपर्यंतचं अख्खं वर्ष मोजायला मतंच नसतात ना, मग बातम्या कशावर चालतात तर पोल, पैसा आणि हवा. आपल्या चौकाचौकात 'भावी आमदार' म्हणून जेवढे फ्लेक्स लागतात तेवढे आमदार होत नाहीत, तसंच हे.

देशभराचा पोल दिसला की आधी तारीख बघा आणि किती लोकांना विचारलंय ते बघा. 400 जणांचा पोल असेल तर आकडा 5 टक्के इकडं-तिकडं होऊ शकतो, म्हणजे एकाला 22 आणि दुसऱ्याला 19 असतील तर पहिला पुढं आहे असं छातीठोक म्हणता येत नाही, तरी हेडिंगमध्ये 'आघाडी' येतेच. 2007 मध्ये हिलरी क्लिंटन आणि रूडी जूलियानी आपापल्या पक्षात देशभराच्या पोलमध्ये पुढं होते, तिकीट दोघांनाही मिळालं नाही आणि जूलियानींना तर एक राज्यसुद्धा जिंकता आलं नाही. पैशाचंही तेच. रिपब्लिकन इच्छुक जेब बुश यांच्या पाठीराख्या सुपर पॅकनं, म्हणजे उमेदवारासाठी हवा तेवढा पैसा गोळा करून वेगळा प्रचार करणाऱ्या संस्थेनं, 2015 च्या पहिल्या सहा महिन्यांतच 10 कोटी डॉलरच्या वर गोळा केले होते, आणि 20 फेब्रुवारी 2016 ला ते शर्यतीतून बाहेर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, 'अपेक्षेपेक्षा'. 'अपेक्षेपेक्षा चांगली कामगिरी' असं वाचलं की थांबा आणि विचारा, अपेक्षा ठरवली कुणी? बहुतेक वेळा पत्रकारांनी आणि उमेदवारांच्या माणसांनीच मिळून. 1968 ला न्यू हॅम्पशायर या सुरवातीला मत देणाऱ्या राज्यात अध्यक्ष जॉन्सन 49 टक्के घेऊन पहिले आले, त्यांच्याच पक्षातले युजीन मॅकार्थी 42 वर राहिले, पण बातमी झाली मॅकार्थींच्या विजयाची आणि त्याच महिन्याच्या शेवटी जॉन्सननी पुन्हा उभं राहणार नाही म्हणून जाहीर केलं. 1972 ला तिथंच डेमोक्रॅट एडमंड मस्की 46 टक्के घेऊन जिंकले आणि बातमी झाली की कमी पडले. 1992 ला बिल क्लिंटन दुसरे आले तरी 'कमबॅक' त्यांचाच. म्हणून मी म्हणतो बातमीतला निकालाचा तक्ता आधी वाचा, बाकीचा मजकूर नंतर. कोण कितवा आला आणि किती मतं पडली हे एकदा स्वतः बघितलं की मग कुणी काय रंग चढवलाय तो लगेच कळतो.

कव्हरेज कुणाला किती मिळतंय याकडंही लक्ष ठेवा, कारण त्याचंच एक चक्र होतं. चॅनेलवर दिसला की नाव माहीत होतं, नाव माहीत झालं की पोल वाढतो, पोल वाढला की डिबेटमध्ये मधली जागा, मग परत चॅनेलवर. ऑगस्ट 2015 च्या पहिल्या रिपब्लिकन डिबेटला मुख्य स्टेजवर कोण हे पोलच्या सरासरीवरच ठरलं होतं, पहिले 10 आत. हार्वर्डच्या शोरेनस्टीन सेंटरनं त्या वर्षाच्या बातम्या तपासल्या तेव्हा दिसलं की ट्रम्प यांचं कव्हरेज पोलमध्ये वर यायच्या आधीच वाढलं होतं.

आपल्याकडं अजून एक होतं, उमेदवार भारतीय वंशाचा असला की आपली चॅनेल त्यालाच धरून बसतात. अभिमान असू दे, मलाही वाटतो, पण त्यावरून शर्यतीचा अंदाज बांधू नका. कमला हॅरिस डिसेंबर 2019 मध्ये एकही मत पडायच्या आधी प्रायमरीतून बाहेर पडल्या, आणि विवेक रामास्वामींची एवढी चर्चा होऊन जानेवारी 2024 ला आयोवा या सुरवातीच्या राज्यात त्यांना 8 टक्केही मतं मिळाली नाहीत.

व्हिडिओ क्लिप आली तर आधीचं-नंतरचं बघा. डेमोक्रॅट इच्छुक हॉवर्ड डीन यांची 2004 ची भाषणातली आरोळी टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवली, त्यामुळंच ते हरले असं अजून लोक सांगतात, पण त्या रात्री ते आयोवात आधीच तिसरे आले होते आणि माइक असा होता की हॉलमधला गोंगाट रेकॉर्डिंगमध्ये आलाच नाही.

निकालाच्या दिवशी घाई करू नका. आयोवाचा कॉकस, म्हणजे पक्षाच्या लोकांनी बैठकीत जमून उमेदवार निवडायची पद्धत, तिकडं संध्याकाळी 7 ला चालू होतो, म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा. 2012 ला त्या रात्री रिपब्लिकनांमध्ये रॉम्नी 8 मतांनी जिंकले म्हणून जाहीर झालं आणि दोन आठवड्यांनी पक्की मोजणी आली तर सँटोरम 34 मतांनी पुढं. 2020 ला डेमोक्रॅटांचा निकाल ॲपच्या गोंधळामुळं लांबलाच. आणि तेव्हा आयोवाच्या वाट्याला डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, किती होते, 3,979 पैकी 41. बायडन तिथं चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, बातम्यांत संपलेच म्हणून धरलेले, मग 29 फेब्रुवारीला साउथ कॅरोलिना जिंकलं आणि 3 मार्चच्या सुपर ट्युसडेनंतर, म्हणजे बऱ्याच राज्यांत एकाच दिवशी मतदान झाल्यावर, तेच पुढं. तेव्हा वहीत एक रकाना डेलिगेटचा ठेवा आणि दर निकालानंतर तेवढाच भरत जा.