तिसरी आघाडी बांधताय? सांगली-साताऱ्यात पुन्हा पुन्हा होणाऱ्या या चुका टाळा

शेकाप, स्वाभिमानी, रासप, वंचित, रयत क्रांती, रिपाइंचे निरनिराळे गट. सांगली-साताऱ्यात लहान पक्षांना तोटा नाही. कागदोपत्री आपल्याकडं दोनच पक्षांची पद्धत नाही, पण महायुती आणि महाविकास आघाडी यांच्या बाहेर उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुणाची मतं खायला उभा केलाय?" मग निवडणूक जवळ आली की कुणीतरी म्हणतं, आपण सगळे एक झालो तर दोघांनाही घरी बसवू.

एक व्हावं, असंच माझंही मत आहे. मात्र राज्यभराच्या घोषणेपेक्षा एका मतदारसंघात एका उमेदवारामागं एक होणं जास्त मोलाचं. बहुतेक आघाड्या फसतात त्या पुढच्या चुकांमुळं.

मतांची नुसती बेरीज करणं

सांगली लोकसभेचं २०१९ चं उदाहरण चहाच्या टपरीवर अजून निघतं. भाजपचे संजयकाका पाटील ५,०८,९९५ मतं घेऊन निवडून आले. स्वाभिमानीच्या बॅट चिन्हावर लढलेल्या विशाल पाटलांना ३,४४,६४३ आणि वंचितच्या गोपीचंद पडळकरांना ३,००,२३४ मतं पडली. दोघांची मिळून ६,४४,८७७ होतात. म्हणजे फुटलो म्हणून हरलो, असा हिशेब लगेच मांडला जातो.

पण ती मतं एका पेटीत आलीच असती कशावरून? पडळकरांना मत देणाऱ्यांत विशाल पाटलांच्या वसंतदादा घराण्यावर राग असलेले होते, विशाल पाटलांना देणाऱ्यांत पडळकरांची भाषणं न रुचणारे होते. पुढं त्याच वर्षी पडळकर भाजपमध्ये गेले. त्यांच्यामागं किती मतं गेली आणि किती जागच्या जागी राहिली, हे आकड्यांच्या बेरजेत कुठंच दिसत नाही.

२०२४ मध्ये तर जवळजवळ परीक्षाच झाली. विशाल पाटील लिफाफा चिन्हावर अपक्ष उभे राहिले आणि वंचितनं त्यांना पाठिंबा दिला. मतं पडली ५,७१,६६६. एक लाखाच्या फरकानं ते जिंकले खरे, पण २०१९ च्या त्या बेरजेपेक्षा आकडा त्र्याहत्तर हजारांनी कमीच भरला. भाजपची मतंही घटली होती, म्हणून हे जमलं.

बोलणी करायची तर बूथवार आकडे समोर ठेवून करा. निवडणूक अधिकाऱ्याच्या फॉर्म २० मध्ये प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं. जत, आटपाडीत एका पक्षाचं वजन आणि पलूस, वाळव्यात दुसऱ्याचं, हे त्यात उघडं दिसतं. जिथं दोन मित्रपक्षांची मतं एकाच गावात आहेत तिथं कार्यकर्त्यांचं जुनं वैर असतं. ते मिटवल्याशिवाय मत सरकत नाही.

लिफाफ्याचा उलटा अर्थ लावणं

"सांगलीत अपक्षानं दोन्ही आघाड्यांना हरवलं, मग आपल्याला का जमू नये?" असं म्हणणारे बरेच भेटतात. लिफाफा चिन्ह नवीन होतं, पण त्यामागची यंत्रणा काँग्रेसची होती. वसंतदादांचं नाव, गावोगावचे सोसायटीचे संचालक आणि जागा ठाकरे गटाला गेल्यामुळं दुखावलेले कार्यकर्ते. आघाडीच्या अधिकृत उमेदवाराला ६०,८६० मतं मिळाली, यावरून काँग्रेसचं मत कुठं गेलं ते कळतंच. हा लहान पक्षाचा विजय म्हणून सांगणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. त्यातून घ्यायचं ते एवढंच, की उमेदवार ओळखीचा असेल आणि मतदाराला तो जिंकेल असं वाटलं, तर नवं चिन्हही चालतं.

चिन्ह शेवटी बघू म्हणणं

सर्वात महाग पडणारी चूक ही. मतदान यंत्रावर नावांचा क्रम ठरलेला असतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे आणि शेवटी अपक्ष. एका यंत्रावर नोटासकट सोळाच ओळी मावतात. उमेदवार जास्त झाले तर तुमचं नाव दुसऱ्या यंत्रावर जातं, आणि चष्मा विसरून आलेली आजी पहिल्याच यंत्रापाशी थांबते.

चिन्हाची गल्लत काय करते ते साताऱ्यानं २०२४ मध्ये पाहिलं. उदयनराजे ३२,७७१ मतांनी जिंकले. शशिकांत शिंदे 'तुतारी वाजवणारा माणूस' घेऊन लढत होते आणि एका अपक्षाच्या पिपाणीला ३७,०६२ मतं पडली. ती सगळी चुकूनच पडली असं कुणी छातीठोकपणे म्हणू नये, पण फरकापेक्षा तो आकडा मोठा आहे.

आघाडीला म्हणून चिन्ह मिळत नाही, हे अनेकांना अर्ज भरायच्या आठवड्यात कळतं. मिळतं ते पक्षाला. मान्यता नसलेल्या पक्षाला विधानसभेत सगळीकडं एकच चिन्ह हवं असेल, तर किमान पाच टक्के जागा लढवायची हमी देऊन आयोगाकडं आधी अर्ज करावा लागतो. सभागृहाची मुदत संपायच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो, आणि पहिल्याचा पहिला नंबर. तेव्हा एका घटक पक्षाच्या नावावर सगळे उमेदवार उभे करायचे का, हे तेव्हाच ठरवा. तसं केलं तर निवडून आलेला माणूस त्या पक्षाचा आमदार होतो आणि त्याच पक्षाचा व्हीप, म्हणजे पक्षादेश, त्याला लागू होतो. हे बाकीच्यांना पटवायला वेळ लागतो, रुसवेफुगवे होतात. नाहीतर अपक्ष म्हणून माघारीच्या मुदतीनंतर मिळेल ते चिन्ह घ्यायचं आणि उरलेल्या दोनेक आठवड्यांत घरोघर पोचवायचं.

ऐनवेळी मोट बांधणं

परिवर्तन महाशक्ती ही तिसरी आघाडी सप्टेंबर २०२४ मध्ये उभी राहिली, मतदान २० नोव्हेंबरला. राजू शेट्टी, बच्चू कडू, संभाजीराजे अशी नावं होती. बच्चू कडू स्वतःच्या अचलपुरात पडले. दोन महिन्यांत बूथवर माणूस बसवून होत नाही.

विरोधापलीकडं काहीच न ठरवणं

संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एकत्र बसले होते. एरवी ही मंडळी एकमेकांच्या दारात गेली नसती. १९५७ मध्ये साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले आणि कराडमध्ये खुद्द यशवंतराव चव्हाण जेमतेम वाचले. १ मे १९६० ला राज्य मिळालं, समिती विस्कटली, आणि १९६२ मध्ये काँग्रेसनं २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. मागणी एक होती तोवर एकी टिकली. उसाचा दर, टेंभू-म्हैसाळचं पाणी, दुधाचा भाव यातल्या कशावर पाच वर्षं एकत्र राहणार, ते लिहून घ्या.

पदाचंही आधीच बोला. २०१४ ला स्वाभिमानी महायुतीत होती. २०१६ मध्ये सदाभाऊ खोत राज्यमंत्री झाले, २०१७ मध्ये संघटना आणि ते वेगळे झाले, संघटनाही सत्तेतून बाहेर पडली. मोठा पक्ष लहान पक्षाला पद देत नाही, त्यातल्या एका माणसाला देतो.

पद्धत बदलायची मागणीच न करणं

ब्रिटनमध्ये १९८३ ला लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट एकत्र लढले. मतं २५.४ टक्के, जागा २३. मजूर पक्षाला २७.६ टक्क्यांवर २०९. मतं देशभर पसरलेली असली की असंच होतं. न्यूझीलंडमध्ये लहान पक्षांच्या 'अलायन्स'ला १९९३ मध्ये १८ टक्के मतांवर दोन जागा मिळाल्या. त्याच वर्षी सार्वमतानं तिथं मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत आली, आणि १९९६ मध्ये १० टक्क्यांवर तेरा. मतं घटली, जागा वाढल्या. पुढं त्यातले ग्रीन्स वेगळे झाले, तरी नव्या पद्धतीत एकट्यानं संसदेत टिकले.

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी आपल्याकडं डावे पक्ष जुन्या काळापासून करत आले आहेत, बाकीचे लहान पक्ष तिचं नाव क्वचितच काढतात. तोवर जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण आहेत. मतदारसंघ लहान असला की चार-सहा गावांतली पक्की मतंही पुरतात, आणि कुठला मित्रपक्ष खरोखर मतं देतो तेही तिथंच कळतं.